शिट्टी सरांचा लेख सगळ्यांना आवडला

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला शहाणपण शिकवायला नको. दर शुक्रवारी सकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर एका लेखाची लिंक टाकायची, एवढं साधं काम माझ्याकडे होतं. त्या शुक्रवारी मी भलतीच लिंक टाकली. दुसरीच्या बाईंचा ‘इवल्या पंखांचं आकाश’ हा लेख जायचा होता. त्याऐवजी गेला पीटीच्या सरांचा मुलांच्या मुतारीवरचा लेख.

आता चुकीची लिंक गेली तर काय होतं? कोणीतरी उघडतो, वाचतो आणि म्हणतो, “अरे, हे काय पाठवलंस?” आपण म्हणतो सॉरी, आणि विषय मिटतो. पण हे झालं जिथे माणसं वाचतात तिथलं. आमच्या शाळेत वाचणं नियमात नव्हतं.

नियम असा होता. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मागे कुठल्याशा शिबिराला गेल्या होत्या. कोणी प्रवासातून खोकला घेऊन येतं तशा त्या तिथून ब्लॉग घेऊन आल्या. शाळेच्या पानावर प्रत्येक शिक्षकाने आळीपाळीने लेख लिहायचा. तो मी चढवायचा आणि लिंक शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायची. मग प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या सहकाऱ्याचा तो लेख आपापल्या वर्गाच्या पालकांना पाठवायचा, आणि वर स्वतःच्या शब्दांत दोन ओळींचं कौतुक लिहायचं. किती वेळा पाठवला आणि कसं कौतुक केलं, याची वर्षअखेरच्या शेऱ्यात नोंद व्हायची. “यातून पालकांना दिसतं,” मोठ्या बाई म्हणायच्या, “की ही शाळा नाही, हे एक कुटुंब आहे.”

त्या कुटुंबाचे सगळे लेख मला तपासावे लागायचे, कारण ‘संगणकाचा माणूस’ म्हणून ठेवलेल्याला शाळेत काहीही करायला लावतात. मूल या प्राण्याबद्दल मी जेवढं वाचलंय तेवढं डॉक्टरनेही वाचलं नसेल. एका आठवड्यात मूल कळी असायचं, पुढच्या आठवड्यात दवबिंदू, त्याच्या पुढच्या आठवड्यात पाखरू, आणि चित्रकलेच्या बाईंची पाळी आली की इंद्रधनुष्य. फक्त ज्याला शेंबूड येतो, भूक लागते आणि शू लागते, असं मूल त्या लेखांमध्ये एकदाही आलं नाही. तोंडात साखर घोळवून घोळवून या लोकांचे दात कसे शाबूत राहिले, देव जाणे. वाचताना मला खरोखर मळमळायचं. मी ड्रॉवरमध्ये लिंबाच्या गोळ्या ठेवायला लागलो होतो.

आणि एवढ्यावर थांबेल तर ते कुटुंब कसलं! लेखाखाली प्रतिक्रिया आल्या नाहीत, तर मोठ्या बाई दारातून डोकावून सांगायच्या, “खाली अगदीच ओकंबोकं दिसतंय रे. जरा चार-पाच घाल.” मग मी वेगवेगळ्या नावांनी चार-पाच घालायचो. अप्रतिम! मनाला भिडलं! शब्दच नाहीत! डोळे पाणावले! त्या शाळेत सगळ्यात जास्त डोळे पाणावले ते माझे, आणि तेही स्क्रीनकडे बघून बघून.

या सगळ्यातून एकच माणूस सुटला होता. पीटीचे सर. त्यांना कोणी वर्ग दिलेला नव्हता, म्हणून पालकांचा ग्रुप नव्हता, म्हणून लेखही नको होता. “त्यांचं काय, पळा आणि थांबा,” असं मोठ्या बाई म्हणायच्या.

मुलं त्यांना शिट्टी सर म्हणत. उंच, वाळकुडा माणूस, गळ्याची घाटी शिट्टीपेक्षा मोठी. हिरव्या दोरीतली शिट्टी गळ्यात आणि हवा भरायचा पंप काखेत. बुटांच्या नाड्या दोन रंगांच्या, कारण एक तुटली की दुसरी जोडी कशाला, असा हिशोब. आयुष्यभर मैदानावर ओरडून आवाज इतका बसलेला, की जवळ उभं राहून बोलले तरी वाटायचं शेजारच्या खोलीतून कोणी बोलतंय. नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची. वर्ष संपताना पत्र येईपर्यंत सर मैदानाच्या चुन्याच्या रेघा जरा जास्तच सरळ मारायचे.

“मला मैदानाशिवाय काही येत नाही रे, संगणक,” ते म्हणायचे. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून ‘संगणक’ हीच हाक लावली होती. “घरी खुर्चीत बसलो ना, तर खुर्चीच दमते.”

घरी तसं कोणी नव्हतंही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एक मुलगी, ती दूरच्या गावी शिकायला. जाण्याआधी तिनेच बापाच्या फोनवर एक ब्लॉग काढून दिला. “बाबा, फोनवर तुम्ही नुसतं हं, हं, जेवलीस का, एवढंच बोलता. मैदानावर काय झालं ते लिहीत जा. मी वाचीन.” मराठी अक्षरं कशी उमटवायची ते विचारायला सर माझ्याकडे आले, म्हणून मला हे माहीत. शाळा भरायच्या आधी, सामानाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून, एका बोटाने ते लिहायचे. ‘आज उंच उडीच्या खड्ड्यात मांजर व्यायली. उडी रद्द.’ ‘चौथीतला एक शर्यतीत पहिला आला आणि थांबायचंच विसरला. फाटकाबाहेरून आणला.’ वाचणारी एक मुलगी आणि अधूनमधून मी.

त्या शुक्रवारी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. “संगणक, काल एक लिहिलंय. जरा मोठं झालंय. लिंक पाठवलीय तुला. वाच आणि खाली एक प्रतिक्रिया टाक. पोरगी म्हणते, बाबा, तुमच्या लेखाखाली नेहमी शून्य असतं, वाईट दिसतं.”

“टाकतो सर, संध्याकाळपर्यंत,” मी म्हटलं. ऑफिसच्या संगणकावर उघडावी म्हणून लिंक कॉपी केली. तेवढ्यात दुसरीच्या बाईंचा फोन, “माझा लेख गेला का? फोटो आला का? फोटोत मी बरी दिसते का?” बऱ्या दिसता, बऱ्या दिसता, म्हणत मी ग्रुप उघडला आणि हाताखाली जे होतं ते चिकटवलं.

लेखाचं नाव होतं ‘श्वास’. लिंकखाली पहिली ओळ दिसत होती: ‘या शाळेतली मुलं श्वास फार छान रोखतात.’ एवढं पुरे झालं. डबे उघडायच्या आत शाळेच्या झाडून सगळ्या वर्गांच्या पालकांपर्यंत तो लेख पोचला. तिसरीच्या बाईंनी लिहिलं, ‘श्वासाइतकाच सहज, श्वासाइतकाच आवश्यक! नक्की वाचा!’ गणिताच्या सरांनी लिहिलं, ‘आमच्या सहकाऱ्याच्या लेखणीतून दरवळणारा सुगंध.’ सुगंध! आणि मोठ्या बाईंनी सगळ्या वर्गांच्या ग्रुपवर स्वतः पाठवला: ‘आपल्या शाळेचं खरं दर्शन घडवणारा लेख. प्रत्येक पालकाने वाचावा आणि मुलांसोबत अनुभवावा.’ दुसरीच्या बाईंनीसुद्धा, स्वतःचाच समजून, नम्रपणे लिहिलं, ‘माझा छोटासा प्रयत्न. गोड मानून घ्या.’

पालकांनीही गोड मानून घेतला. कोणी हात जोडले, कोणी बदाम पाठवले, कोणी अंगठे. त्यांच्यातल्या एकानेही वाचला नव्हता. एवढ्या सगळ्या शिकल्यासवरल्या माणसांमधून एक लेख दिवसभर फिरला, आणि तो उघडायची तसदी कोणी घेतली नाही. मुतारीचं राहू द्या. मला पहिली शिसारी आली ती या गोष्टीची.

पहिल्यांदा वाचला तो माझ्या ताईने.

मी ताईकडेच राहतो. आमचं गाव लहान, तिथल्या शाळेत शिकून नोकरीसाठी इकडे आलो, तेव्हापासून तिच्या पुढच्या खोलीत माझी खाट. भाची आमच्याच शाळेत पाचवीला. संध्याकाळी मी घरी पोचलो तर ताई फोन हातात धरून उभी. भावोजी सोफ्यावर, पण नेहमीसारखे पसरलेले नाहीत, सावरून बसलेले.

“हे तुम्ही पाठवलंत?” ताई चिडली की मला अहोजाहो करते.

“काय?”

“वाच. मोठ्याने वाच.”

मी उभ्याउभ्याच वाचलं. त्यातलं हे:

‘या शाळेतली मुलं श्वास फार छान रोखतात. इतका दम मी दुसरीकडे पाहिला नाही. मला वाटायचं, माझ्या व्यायामाचं फळ. परवा पाचवीतल्या एकाला विचारलं, सराव कुठे करतोस? म्हणाला, मुतारीत. आत जाताना छाती भरून घ्यायची, बाहेर आल्यावर सोडायची. जो आत सोडेल तो हरला. मी आत गेलो. मी हरलो.

‘मुलींचं निराळं. त्या जातच नाहीत. जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. आणि मी त्यांना धावायला लावतो. परवा एक चक्कर येऊन पडली. तिच्या तोंडावर मी तिच्याच बाटलीतलं पाणी मारलं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. तेव्हा कळलं.’

मी फोन ताईला परत दिला. आमच्या घरात रोजचा एक विनोद होता. शाळेतून आली की भाची दप्तर दारात फेकायची आणि बूट न काढता आत धावायची. भावोजी सोफ्यावरून ओरडायचे, “आगगाडी आली, फाटक उघडा!” आम्ही सगळे हसायचो, मी सगळ्यात मोठ्याने. मग ताई तिची भरलेली बाटली बघून करवादायची, “पाणी पीत जा गं, किती वेळा सांगायचं,” आणि ते पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना घालायची. कुंड्या छान वाढल्या होत्या.

ताईने भाचीला हाक मारली. “खरं आहे का हे?”

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी शाळेचा माणूस ना! मग म्हणाली, “आई, तिथे विटा ठेवल्यात पाय ठेवायला. एक वीट हलते.”

बस, एवढंच. भावोजी उठून गॅलरीत गेले. आगगाडीचा विनोद त्या दिवशी बंद पडला.

आणि ताई? आमच्या ताईने पाचवीच्या पालकांच्या ग्रुपवर सरळ लिहिलं, ‘बाईंनी पाठवलेला लेख वाचला. माझी मुलगी शाळेत दिवसभर पाणी पीत नाही. तुमच्या?’

मी म्हटलं, “ताई, माझी नोकरी आहे तिथे.”

“मग राहा तिथे. माझी मुलगी पण आहे तिथे.”

त्यानंतर शनिवार-रविवार पालकांच्या ग्रुपवर जे चाललं, ते वाचून माझ्या लिंबाच्या गोळ्या संपल्या. मला वाटलं होतं, आईबाप चिडतील. चिडले खरे, पण कशावर? ‘अशा विषयांवर जाहीर लिहिणं शोभतं का?’ ‘शाळेचं नाव खराब झालं तर आपल्याच मुलांचं नुकसान.’ ‘लेख ठीक आहे पण भाषा सभ्य हवी.’ एका बापाने लिहिलं, ‘मुलांना थोडं सोसायची सवय हवी.’ हा गृहस्थ स्वतः शाळेत आला की वरच्या मजल्यावरच्या स्टाफच्या बाथरूमची चावी मागून घेतो. चावी मीच देतो, म्हणून माहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मुठीत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, तरी मूठ कोणी उघडेना. शेवटी पाच-सहा आयांनी तेवढं ताईच्या प्रश्नाखाली लिहिलं: ‘माझीही.’ ‘माझीही.’

सोमवारी मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे शिक्षक उभे. कोणाची नजर कोणाला मिळत नव्हती, कारण सापडले होते सगळेच. लेख चुकून गेला म्हणावं, तर मग कौतुक कशाचं केलं? वाचून केलं म्हणावं, तर मग मुतारीचं काय?

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “लिंक मी चुकीची टाकली.”

“तुझं नंतर बघू,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुम्ही कोणीच वाचला नव्हतात?”

तिसरीच्या बाई हळूच म्हणाल्या, “बाई, तुम्ही पाठवलात म्हणून आम्हाला वाटलं...”

“मी विश्वासाने पाठवला!”

“आणि माझा लेख राहिलाच,” दुसरीच्या बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

मग शिट्टी सरांना बोलावलं. ते पंप काखेत घेऊनच आले. मोठ्या बाईंनी आवाजात मध ओतला. “बसा ना सर. किती छान लिहिता तुम्ही, आम्हाला माहीतच नव्हतं. फक्त एक करायचं. लेखाच्या खाली एक ओळ टाका, ‘वरील लेख काल्पनिक आहे.’ साहित्यात चालतं हे. विषय संपला.”

सर जरा वेळ शिट्टीच्या दोरीशी खेळत राहिले. “बाई, काल्पनिक असेल तर वास यायचा नाही. चला, बघून येऊ.”

“मला वेळ नाही.”

“तळमजल्यावरच आहे. जिन्यामागे.”

सगळे बघत होते, म्हणून मोठ्या बाईंना उठावं लागलं. त्यांच्यामागे आम्ही सगळे. आपल्याच शाळेची मुतारी बघायला निघालेली ती मिरवणूक मी जन्मात विसरणार नाही. यातल्या बहुतेकांनी ती जागा कधी पाहिली नव्हती. त्यांची जागा वर, कुलपात, साबणासकट.

दाराला कडी नव्हती. कडीच्या भोकात कागदाचा बोळा. आत भिंतीवर रंगवलेलं, ‘माझी शाळा माझं घर’, आणि ‘घर’ या शब्दापर्यंत ओल चढून अक्षरांना बुरशी आलेली. जमिनीवर पिवळट पाणी तुंबलेलं, त्यात विटा, एकीवरून दुसरीवर उडी मारत जायच्या अंतरावर. मोरीच्या तोंडाशी खडूचे तुकडे, चिंध्या, एक भिजलेलं कागदी विमान. नळाला फडकं बांधलेलं, तरी तो गळतच होता, आणि हात धुवायला नेमकं त्यातूनच पाणी येत नव्हतं. वास नाकात येत नव्हता; तो सरळ घशात उतरत होता. आमच्या गावच्या शाळेत मुतारी नव्हतीच, मागचं माळरान होतं. इतकी वर्षं मी त्याची लाज बाळगली. तिथे निदान वारा होता.

दुसरीच्या बाई तोंड दाबून बाहेर पळाल्या आणि कुंडीपाशी ओकल्या. सुगंधवाले गणिताचे सर रुमालातून श्वास घेत होते. मोठ्या बाई उंबऱ्यावरच थांबल्या. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि पोरं आली. सगळ्यात पुढच्याचं, असेल तिसरी-चौथीतला, आमच्याकडे लक्ष नव्हतं; त्याने दारापाशी येऊन छाती भरून घेतली. गाल फुगले. मग त्याला मोठ्या बाई दिसल्या.

“गुड मॉर्निंग म्हणायची पद्धत नाही का?” मोठ्या बाई म्हणाल्या. दुसरं काही सुचलं नसावं.

पोराचे डोळे बाहेर यायला लागले. त्याने मान जोरजोरात हलवली, नाही म्हणून. बोलला असता तर हरला असता. मागून एकजण ओरडला, “बाई, सोडा त्याला, त्याचा श्वास संपेल!” तो वाकून बाईंच्या हाताखालून आत घुसला, टण टण टण विटांवरून गेला, आणि थोड्या वेळाने लालबुंद होऊन बाहेर आला, आणि मग हाऽऽ करून श्वास सोडून म्हणाला, “गुड मॉर्निंग बाई!”

सर तेवढे म्हणाले, “याचा दम चांगला आहे. लांब शर्यतीला घ्यायचाय.”

वर परत आल्यावर मोठ्या बाईंनी हाताला सुगंधी द्रव चोळला, बराच वेळ चोळला, आणि म्हणाल्या, “ठीक आहे. दुरुस्ती करून घेऊ. आता तर लेखाची गरज संपली ना? तो काढून टाका. वर्ष संपत आलंय, पत्रं तयार करायचीत. लेख काढा, मैदान तुमचंच.”

हे इतकं गोड आवाजात सांगितलं, की धमकी आहे हे कळायला मला वेळ लागला. सरांना लागला नाही. त्यांनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. रेघा त्यांनी सकाळीच मारलेल्या होत्या.

“बाई, तुम्ही नेहमी म्हणता ना, ही शाळा नाही, कुटुंब आहे?”

“आहेच मुळी.”

“कुटुंबात संडास सगळ्यांचा एकच असतो.”

“सर, विषय लेखाचा आहे.”

“लेख माझ्या पोरीसाठी लिहिलाय. तिने वाचलाय. आता काढला तर तिला वाटेल, बापाने खोटं लिहिलं होतं. आणि परत घाण झाली तर परत लिहायचा कंटाळा येईल मला. एका बोटाने लिहितो हो मी. राहू द्या तो.”

“विचार करा,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“केला,” सर म्हणाले, आणि पंप उचलून चौथीच्या तासाला गेले.

मुतारी झाली. चांगलीच झाली, तेवढं मान्य करायला हवं. फरशा, नवे नळ, दाराला कडी, मुलींकडे वेगळं दार. पालकांनी बघावं म्हणून आधी बाहेरून रंग आणि मग आतलं काम, पण झालं. काम संपलं त्या शुक्रवारी मोठ्या बाईंचा लेख आला, ‘मोकळा श्वास’. मीच चढवला. ‘आमच्या चिमुकल्यांच्या भरलेल्या बाटल्यांनी माझं मन भरून आलं,’ अशी सुरुवात. पडलेली मुलगी होती, तिच्या तोंडावर मारलेलं पाणी होतं, फक्त पाणी मारणारा हात मोठ्या बाईंचा झाला होता. वासाचा शब्द नव्हता. मुतारीला ‘स्वच्छतागृह’ म्हटलं होतं आणि मुलांना, अर्थातच, कळ्या. वाचता वाचता माझ्या तोंडाला जे पाणी सुटलं ते ओकारीच्या आधीचं. त्या विटांवर उभा होतो तेव्हाही इतकं झालं नव्हतं. तिथली घाण निदान घाणीसारखी दिसत होती.

लिंक मी तीनदा तपासून टाकली. सगळ्यांनी पुढे पाठवली. ‘मनाला भिडलं!’ ‘डोळे पाणावले!’ सरांचा ग्रुप नव्हता. त्यांनी ती मुलीला पाठवली. मुलीचं उत्तर त्यांनी मला दाखवलं: ‘बाबा, हे तर तुमचंच आहे. साखर कोणी घातली?’

वर्षअखेरीला सरांना पत्र आलं. नेमणूक होती. पण पीटीचे शिक्षक म्हणून नव्हे, ‘स्वच्छता समन्वयक’ म्हणून. “तुम्हाला मुलांच्या आरोग्याची एवढी कळकळ आहे,” मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवून सांगितलं, “तर ही जबाबदारी तुमच्याशिवाय कोणाला देणार?” मैदानावर एक नवीन दांडगा आला, चुस्त कपड्यांचा. तो शिट्टी वाजवत नाही, स्पीकर लावतो. रेघा वाकड्या मारतो.

मी सरांना म्हटलं, “सर, सोडा ही नोकरी. तोंडावर फेका त्यांच्या.”

“आणि करू काय? खुर्चीला दमवू?” ते म्हणाले. “शिवाय बघ, मोठ्या बाईंचा हुकूम आहे, शाळा बघायला कोणी पाहुणे येईपर्यंत नवीन बाथरूमला कुलूप ठेवायचं. फरशा खराब होतात. किल्ली माझ्याकडे.” शिट्टीच्याच हिरव्या दोरीत त्यांनी ती अडकवली होती. “मी सकाळी उघडतो, संध्याकाळी लावतो. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. वर राहणाऱ्यांना खालचं कुठे कळतं?”

आता ते जिन्यामागे, मुतारीच्या दारात, स्टुलावर बसतात. हातात झाडू असतो नाहीतर पाण्याची नळी. मैदान तिथून दिसत नाही, पण ऐकू येतं. स्पीकरच्या ठेक्यावर पोरं पळायला लागली की सरांचा पाय स्टुलाखाली हलतो आणि ते कोणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणतात, “छाती पुढे. छाती पुढे.” पोरं येतात-जातात. आता बडबडत येतात, बडबडत जातात. श्वास रोखायची स्पर्धा मोडली. त्या लालबुंद पोराने सरांकडे तक्रारही केली की आता मजा नाही. घरी भाची आधी बूट काढते. बाटली रिकामी येते. ताईच्या कुंड्या सुकायला लागल्यात.

काल ऑफिसातून जिन्याखाली गेलो, तर सरांनी स्टुलावरूनच हाक मारली.

“काय रे संगणक, माझी प्रतिक्रिया?”

“टाकतो सर, संध्याकाळपर्यंत.”

“तेव्हाही संध्याकाळपर्यंतच म्हणाला होतास. कुठल्या वर्षातली संध्याकाळ, ते तरी सांग. पोरगी विचारते.”

घरी येऊन मी लेख उघडला. अजून आहे तो तिथे, आणि खाली अजून शून्य. एवढा फिरला, सगळ्या शाळेने त्याचं कौतुक केलं, पण ज्या जागी प्रतिक्रिया लिहायची तिथपर्यंत कोणी उतरलंच नाही. मी लिहायला घेतलं. अ म्हटल्याबरोबर फोनने स्वतःहून पुढचं दिलं, ‘अप्रतिम’. पुसलं. म म्हटलं, ‘मनाला भिडलं’. पुसलं. ड म्हटलं, तर डोळे पाणावले. दुसऱ्यांच्या नावांनी इतकी साखर वाटलीय मी, की माझ्या नावाने लिहायला माझ्या बोटांत साधा भाकरीसारखा शब्द शिल्लक नाही.

“काय करतोयस रे?” ताईने विचारलं.

“सरांना एक प्रतिक्रिया द्यायचीय.”

“मग दे की. त्यात काय एवढं?”

“सुचत नाही.”

“इतकं लिहितोस लोकांसाठी आणि सुचत नाही?” ती म्हणाली, आणि एका कुंडीत बोट खुपसून माती ओली आहे का बघत राहिली.

फोन बंद केला. उद्या सर पुन्हा विचारतील, आणि मी पुन्हा संध्याकाळचाच वायदा करीन.